मांजरांचा रेस्क्यू ग्रुप चालवायचाय? आधी आकडा ठरवा

बहुतेक ग्रुप असेच सुरू होतात, जिन्याखाली एखादी भाटी (मांजराची मादी) व्याली की कोणी खोका आणतं, कोणी दूध, आणि बघता बघता एकाच्याच घरात आठ मांजरं आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद. म्हणून पहिलं काम, किती घरं फोस्टर करू शकतात, म्हणजे दत्तक जाईपर्यंत मांजर सांभाळू शकतात, आणि प्रत्येक घरात किती मांजरं मावतात ते लिहून काढा. आकडा भरला की नाही म्हणायचं. हे काम ग्रुपमधल्या सगळ्यात कडक माणसाला द्या, फोनवर कोणी रडायला लागलं की बाकीचे लगेच विरघळतात.

मग मोजणी. रोज एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला, अर्ध्या तासात ताटल्या उचला आणि येणाऱ्या प्रत्येक मांजराचा फोटो काढून ठेवा. यात दोन फायदे, नेमकी किती आहेत ते कळतं आणि पकडायच्या दिवशी ती त्याच वेळेला उपाशीपोटी हजर असतात.

खरं काम म्हणजे नसबंदी. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण 63 ते 65 दिवसांत पिल्लं होतात आणि ती दूध पीत असतानाच ही परत गाभण राहू शकते, म्हणजे नुसतं खायला घालत राहिलात तर आकडा वाढतच जाणार. व्हेटची तारीख आधी घ्या, मग पिंजरा लावा. तळाला वर्तमानपत्र, वासाचा मासा अगदी मागच्या टोकाला, दाराजवळ फक्त चिमूटभर. दार पडलं की आतलं मांजर जाळीवर धडका मारतं, नाक सोलून घेतं, तेव्हा लगेच पूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाका, अंधार झाला की बहुतेक शांत होतात. पिंजरा लावून घरी जायचं नाही, लांब बसून लक्ष ठेवायचं. भाटीची आचळं मोठी आणि भोवतालचे केस गेलेले दिसले तर पिल्लं जवळपास कुठेतरी आहेत, आधी ती शोधा.

ऑपरेशनच्या वेळीच व्हेटला एका कानाचं टोक सरळ कापायला सांगा, म्हणजे तेच मांजर परत पकडलं जात नाही. बरं झालं की जिथून उचललं तिथेच सोडायचं. "लांब सोडून या" म्हणणारे भेटतातच, पण अनोळखी जागी त्याला ना खाणं माहीत ना लपायची जागा, आणि इकडे रिकाम्या जागेत दुसरी येतात. बोक्यांचं एक लक्षात ठेवा, नसबंदीनंतरही काही आठवडे ते भाटीला गाभण ठेवू शकतात.

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नका, आई बऱ्याचदा खायला गेलेली असते, लांबून काही तास बघा. खरंच आई नसेल तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही, जीवावर बेततं. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, मांजरीच्या पिल्लांसाठीची पावडर मिळते ती वापरा, आणि पाजताना पालथं ठेवा, उताणं नाही. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून हलकं पुसा, त्याशिवाय लहान पिल्लाला शू-शी होत नाही. किचनच्या काट्यावर रोज वजन करा, दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं, वाढलं नाही तर त्याच दिवशी व्हेट.

नवीन आलेलं मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू खोलीत वर्षभरही टिकतो, आणि फिनाईल मांजरांना विषारी असतं, म्हणून आधी साबणाने धुवा, मग 1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून पुसून घ्या. माणसांची पॅरासिटामॉल तर चुकूनही नको, मांजर मरतं. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी डॉक्टर गाठा.

दत्तक देताना घर बघून या, खिडक्यांना जाळी नसेल तर देऊ नका, आणि नसबंदी करूनच द्या, नंतर करतो म्हणणारे बहुतेक करत नाहीत. पैशांसाठी वेगळं खातं, प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर, आणि व्हेटची उधारी फिटेपर्यंत, जीव जायची वेळ नसेल तर, नवीन मांजर घेऊ नका.