सावर उकलण्याआधी बोंडं उतरवा

एप्रिल अर्धा सरला की काटेसावरीच्या झाडाची बोंडं हिरवी सोडून तपकिरी व्हायला लागतात. नेमकी त्याच दिवसांत आपल्या अंगणात आंब्याची साठं, फणसपोळ्या आणि कोकमाची सोलं वाळत असतात. दुपारी खारा वारा सुटतो, वाळलेलं बोंड पाच फाकांनी उकलतं आणि ओल्या साठावर म्हातारी, म्हणजे त्यातला उडता कापूस, येऊन बसते. तिला सोलून काढता काढता साठाची साय निघते, म्हातारी नाही.

म्हणून लगेच कुऱ्हाड घेऊ नका. शिमग्याच्या होळीसाठी तोडून काही गावांत आधीच सावरी कमी झाल्यात. काम फक्त वेळेत करायचं आहे.

बोंडाचा रंग पालटला पण शिवण अजून मिटलेली आहे, हाच उतरवायचा काळ. काम सकाळी करा; ऊन चढलं की बोंडं तडकतात आणि वाराही वाढतो. काटेसावरीच्या बुंध्यावर चढायच्या फंदात पडू नका, लांब बांबूला आकडी बांधून हाताशी येतील तेवढीच काढा. विजेची तार जवळ असेल तर तेही नको. शेंड्याची बोंडं राहणारच. त्या आठवड्यात साठं पडवीत किंवा जाळीखाली वाळवा, विहिरीवर जाळी टाका आणि पावसाआधी पन्हळी झाडून घ्या.

उतरवलेली बोंडं मच्छरदाणीच्या आत उन्हात ठेवा, नाहीतर शेजारणीची बोलणी खाल. शेतातल्या कपाशीचा धागा बीच्या अंगातून निघतो. सावरीचा मात्र बोंडाच्या आतल्या भिंतीतून निघतो आणि बी त्यात नुसती सुटी पडलेली असते. त्यामुळे सरकी काढायला यंत्र लागत नाही; काठीने घुसळलं की बी खाली बसते. नाकातोंडाला फडकं बांधा. हा धागा आतून पोकळ, वर मेणचट आणि गुळगुळीत असतो. सूत काढायला तो जड जातो, पण उशीला याच्यासारखा हलका कापूस नाही. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी जहाजावरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत, तो याच गुणामुळे. उशी धुवू नका, उन्हात टाका.

आता भेंडीवाल्यांसाठी. झाडाखाली पडलेल्या बियांवर तांबडे ढेकूण थव्याने जमतात. लाल अंग, काळे ठिपके, नर-मादी शेपटाला शेपूट लावून फिरतात. सावर, कपाशी आणि भेंडी एकाच कुळातली असल्याने बिया संपल्या की ते उन्हाळी भेंडीवर येऊन कोवळ्या फळांतला आणि बियांतला रस शोषतात. फवारणीचा विचार नंतर करा, आधी झाडाखालची जागा रोज झाडा. मूठभर भिजवलेल्या बिया एका जागी आमिष म्हणून ठेवा, सकाळी जमलेले ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवा. अंडी ते मातीच्या भेगांत घालतात, तेव्हा वरची माती हलवून उन्हं खाऊ द्या.

गोळा झालेला कापूस पेटवू मात्र नका. तो ठिणगीसरशी पेट घेतो, आणि पेटता पुंजका उडून शेजारच्या काजूच्या वाळक्या गवतात पडला तर वणवाच. पाणी मारून खड्ड्यात गाडा. आंबा-काजूच्या कडेला सावर असेल तर तिच्याखालचं गवत आत्ताच काढून टाका.

नवी सावर लावायची असेल तर याच वर्षाची ताजी बी जूनच्या पहिल्या पावसात पिशवीत टाका, जुनी बी नीट उगवत नाही. जागा घरापासून, वाळवणाच्या खळ्यापासून आणि रस्त्यापासून लांब, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या अंगाला निवडा. लाकूड मऊ असतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात भलीभली झाडं आडवी झाली, मग सावरीच्या फांदीची काय कथा! रिसॉर्टवाले हल्ली गुलाबी फुलांची दक्षिण अमेरिकेतली सावर लावतात. तिलाही कापूस येतोच, तेव्हा पोहण्याच्या तलावाकडेला ती नको.