'बोर्ड गेलाय' म्हणण्याआधी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतून कॉम्प्युटर माझ्याकडे येतात, तेव्हा मालकांचं निदान आधीच झालेलं असतं: 'बोर्ड गेलाय, नवा टाका.' बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पट्टी. माझं म्हणणं एवढंच, की आधी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, उघडा. अनेकदा बोर्ड शाबूत निघतो आणि पैसे वाचतात.

मागाजवळच्या ऑफिसात हवेत सुताचे तंतू सतत उडत असतात. ते पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये नमद्यासारखे घट्ट बसतात. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही. प्रोसेसर तापला की आधी मंदावतो, मग मशीन बंद पडतं. दहा मिनिटं चालून बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं होत असेल तर आधी उष्णतेवर संशय घ्या. पत्र्याखालच्या ऑफिसात एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं.

साफ करताना प्लग काढा आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज उतरतो. नुसता ब्लोअर मारला तर तंतू आणखी आत दाबले जातात. आधी पंखा सोडवून ब्रशनं ते ओढून काढा, मग ब्लोअर. त्या वेळी पंख्याची पाती बोटानं धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलात तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नवी मधोमध थोडीशीच लावा. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डावर हीटसिंक सरळ उपटू नका. मशीन थोडं चालवून गरम करा, बंद करा, मग हलकेच पिळत सोडवा. नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

तारीख रोज मागे जाते, ई-वे बिलाची साइट उघडत नाही? बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला, घड्याळ त्यावर चालतं. तो ३ व्होल्टचा असतो. मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर संपला समजा.

मशीन अजिबात चालू होत नसेल तर आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) तपासा. २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी तार मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट दाखवते. मेन स्विच मात्र चालू हवा. मशीन चालू होत असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ मिळायला हवेत. अनेक नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात, तिथे पिनांची जागा बघून मोजा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (चार्ज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज राहतो.

माझा सगळ्यात भरवशाचा उपाय यापुढचा आहे. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा, एसएमपीएस आणि छोटा बीप स्पीकर एवढंच जोडा. रॅम मुद्दाम लावू नका. बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरनं क्षणभर जोडा. रॅम नसल्याची तक्रार म्हणून बीप आले, तर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही बऱ्यापैकी जिवंत आहेत. मग एकच रॅम, संपर्क पुसून, आलटून पालटून प्रत्येक स्लॉटमध्ये लावा. बाहेर चालणारा बोर्ड कॅबिनेटमध्ये बंद पडला, तर खाली जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंटा) टेकतोय का, पुढचं बटण अडकलंय का, ते बघा. बीपच आले नाहीत, तर जंपरनं (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीनं) सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बोर्डात साठवलेल्या सेटिंग पुसून, पुन्हा बघा. तरीही शांतता, आणि प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा जळका वास, मग बोर्डावर संशय घ्यायला हरकत नाही.

आणि आर्थिंग! कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मागाच्या मोटारी ज्या लाइनवर आहेत तिच्यावर कॉम्प्युटर ठेवू नका, मोटार सुरू होताना व्होल्टेज खाली जातं.

कॅबिनेट जमिनीपासून हातभर उंच ठेवा, तोंड मागाकडे नको. साफसफाई वर्षातून दोनदा: गड्डा यात्रेच्या आधी एकदा आणि मार्चअखेर एकदा. नवा बोर्ड घ्यायचीच वेळ आली तर जुन्या प्रोसेसरचं नाव आणि रॅमची पट्टी सोबत घेऊन जा, कारण डीडीआर-३ ची रॅम डीडीआर-४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही.