नाताळच्या मदतनिधीसाठी वाहनफेरी काढताना या चुका टाळा

कार्निव्हल आणि शिगमो (होळीच्या काळातला गोव्याचा उत्सव) या दोन उत्सवांमुळे चित्ररथ गोमंतकीयांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यामुळे डिसेंबरात सजवलेल्या मोटारी, दुचाक्या आणि टेंपो यांची फेरी काढून गरजू कुटुंबांसाठी निधी जमवण्याची कल्पना कोणत्याही गावात मांडली की ती लगेच पटते आणि कामाला माणसेही मिळतात. अडचण पुढे येते. चित्ररथ म्हटला की आपले लक्ष सजावट, संगीत आणि बक्षिसे यांकडे जाते, आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपूर्वी ठरलेल्या घरांत ठरलेली मदत पोचवणे हे फेरीचे मूळ काम मागे पडते. ज्या घरात आजारपणामुळे किंवा रोजगार गेल्यामुळे नाताळच्या तोंडावर चूल कशी पेटवायची हा प्रश्न असतो, त्या घराला फेरी किती देखणी होती याने काहीच फरक पडत नाही.

तारीख निवडताना

नाताळच्या अगदी जवळचा रविवार निवडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्या दिवशी उत्साह असतो, पण निधी मोजून, बँकेत भरून, सामान विकत घेऊन वाटण्यासाठी हातात दिवस उरत नाहीत, कारण १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी असते, चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि किनारी भागातले रस्ते पर्यटकांच्या वाहनांनी तुंबलेले असतात. महिन्याच्या सुरुवातीलाही जागा कमीच आहे, कारण ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव) असते, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त असते, आणि त्या काळात वाहतूक पोलिसांचे मनुष्यबळ तिकडे गुंतलेले असते. माझ्या मते ८ तारखेनंतरचा पहिला रविवार सर्वांत सोयीचा आहे. तो धरला तर निधी वाटायला किमान एक आठवडा नक्की मिळतो.

पैशांच्या बाबतीत होणाऱ्या चुका

फेऱ्यांबद्दल गावात नाराजी उमटते ती बहुतेक वेळा हिशोबावरून. डिझेल, जनरेटर, फलक, स्वयंसेवकांचा नाश्ता आणि बक्षिसे यांचा खर्च दानपेटीतून भागवला जातो, आणि उरलेली रक्कम कुटुंबांकडे जाते. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून पेटीत शंभर रुपये टाकणाऱ्या माणसाने ते एखाद्या घराच्या किराणासाठी दिलेले असतात. म्हणून इंधन आणि सजावट यांचा खर्च वाहनमालकाने स्वतः करावा, सामाईक खर्चासाठी वेगळा पुरस्कर्ता (प्रायोजक) शोधावा, आणि पेटीतला प्रत्येक रुपया कुटुंबांसाठीच आहे हे फलकावर लिहून तसेच वागावे. प्रवेशशुल्क घेणार असाल तर ते खर्चाकडे जाणार की निधीकडे, हेही आधी जाहीर करावे.

दुसरी चूक क्यूआर कोडची आहे. घाईत एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा कोड छापला जातो आणि आठवड्याभरात त्याचे घरचे व्यवहार आणि निधी यांची सरमिसळ होते. मंडळाच्या नावाने वेगळे खाते उघडावे, ते किमान दोघांच्या सह्यांनी चालावे, आणि पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर मंडळाचेच नाव दिसते का हे पाहण्याची सूचना कोडखाली ठळक अक्षरांत छापावी. फेरी सुटण्यापूर्वी प्रत्येक वाहनावरचा कोड एकदा फोनने तपासून घ्यावा, कारण छापील कोडावर दुसरा कागद चिकटवून पैसे वळवण्याची फसवणूक हल्ली बाजारातही होते. दानपेट्यांना दोन कुलपे लावून किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे ठेवाव्यात, त्याच संध्याकाळी चार जणांसमक्ष मोजणी करून सह्यांचा कागद करावा, आणि रोख रक्कम सोमवारी बँकेत जमा करावी.

गोव्यात विशेष जपण्यासारखी बाब परदेशातून येणाऱ्या पैशांची आहे. आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने देणगी पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. मात्र पोर्तुगीज पारपत्र घेतलेला आपल्याच वाड्यावरचा माणूस, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, कायद्याच्या दृष्टीने विदेशी नागरिक असतो, आणि त्याची देणगी घेण्यासाठी विदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१० याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती गावातल्या मंडळाकडे सहसा नसते. लिस्बन किंवा लंडनमधल्या नातलगांना सरसकट कोड पाठवून देणे म्हणूनच धोक्याचे आहे. अशी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत ती मदत आली तर सर्वांचीच सोय होते.

करसवलतीचे आश्वासनही विचार करून द्यावे. देणगीवरील वजावटीसाठी प्राप्तिकर खात्याची नोंदणी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०जी) नसेल तर तशी पावती देता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही.

दिवे, वाहने आणि वाटेतले बिघाड

नक्षत्रांची (ताऱ्याच्या आकाराच्या कंदिलांची) आणि दिव्यांची सजावट हा फेरीचा आनंद आहे. पण मोटारीची वीजव्यवस्था घरच्या विजेसारखी नसते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ३०० वॅटचा भार टाकला तर सुमारे २५ अँपिअर प्रवाह ओढला जातो, तर सिगारेट लायटरच्या जागेचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. तो उडाला की अधिक क्षमतेचा फ्यूज बसवणे ही गंभीर चूक आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि शेजारी थर्माकोल किंवा येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचा सुका पेंढा असेल तर आग लागते. फ्यूज उडाल्यास माळा कमी कराव्यात. मंद गतीत इंजिन कमी फेऱ्यांवर चालते आणि चार्जिंगही कमी होते, त्यामुळे हेडलाइट मंदावू लागले तर ती बॅटरी उतरत असल्याची खूण समजून सजावट ताबडतोब बंद करावी. १२ व्होल्टवर थेट चालणाऱ्या एलईडी पट्ट्या वापरल्यास ही कटकट पुष्कळ कमी होते. वायर सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात, नंबर प्लेट आणि इंडिकेटर झाकू नयेत, लुकलुकणारे लाल-निळे दिवे रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्यासाठीच राहू द्यावेत, आणि सजावट केलेल्या प्रत्येक वाहनात अग्निशामक ठेवावा.

दुचाक्या मोटारींच्या मधोमध चालवल्याने वेगळाच त्रास होतो. हवेवर थंड होणारी इंजिने चालण्याच्या गतीने फार वेळ चालली की तापतात, गाडी बंद पडते आणि मागची रांग थांबते. दुचाक्यांचा वेगळा गट पुढे सोडावा, त्यांना मोठ्या अंतराने थांबे द्यावेत आणि थांब्यावर इंजिन बंद ठेवावे. आपल्याकडच्या मोटारसायकल पायलटांना (दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांना) या गटाचे नेतृत्व द्यावे असे मला मनापासून वाटते. गावातला प्रत्येक आडरस्ता त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो. हेल्मेट सांताक्लॉजच्या टोपीसाठी काढू नये.

मालवाहू टेंपोच्या हौद्यात मुलांना उभे करणे पूर्णपणे टाळावे. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मुलांची नाटुकली गोठ्यासमोर, मैदानात करता येते.

मार्ग आणि आवाज

मार्ग नकाशावर आखून भागत नाही. सर्वांत उंच सजावटीच्या मापाची काठी घेऊन तो एकदा फिरून पाहावा, कारण आपल्या वाड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर विजेच्या तारा आणि माडांची झावळे खाली आलेली असतात. चोडण किंवा दिवाडी या नदीतल्या बेटांवर फेरी नेण्याचा मोह होतो, पण फेरीबोटीत वाहने टप्प्याटप्प्यानेच चढतात, त्यामुळे रांग तुटते आणि बेटावरच्या रहिवाशांची वाट अडते. आठ ते दहा वाहनांचे गट करून मध्ये मोकळी जागा ठेवल्यास बस आणि १०८ रुग्णवाहिका यांना वाट मिळते. पोलीस, वाहतूक विभाग आणि पंचायत किंवा नगरपालिका यांची लेखी परवानगी किमान तीन आठवडे आधी मागावी.

ध्वनिक्षेपकाला वेगळी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेले असू शकते. फेरी चार वाजता सुटून साडेसातला संपावी.

कुटुंबे निवडताना आणि मदत देताना

यादी एकाच पंचाच्या किंवा एकाच मंडळाच्या सांगण्यावरून केली की काही घरांना दोनदा मदत मिळते आणि जी घरे कोणाकडे मागायला जात नाहीत ती सुटून जातात. चर्चमधील मदतकार्य करणारी मंडळी, अंगणवाडी सेविका आणि शाळेचे शिक्षक यांच्याकडून वेगवेगळी नावे घेऊन ती पडताळावीत. भाड्याच्या खोलीत राहणारी कामगार कुटुंबे आणि गरजू हिंदू व मुस्लिम कुटुंबेही त्यात असावीत, कारण निधी साऱ्या गावाकडून गोळा होतो.

मदत काय हवी हे त्या घराला विचारावे. दोदोल आणि बेबिंका या गोड पदार्थांचा डबा आनंदाचा असतोच, पण कोणाला थकलेले खोलीभाडे, कोणाला औषधे, तर कोणाला गॅस सिलिंडर हवा असतो. कुटुंबांना व्यासपीठावर बोलावून पाकीट देणे, पुरस्कर्त्याचे नाव छापलेल्या पिशव्या दारात नेणे आणि मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे या गोष्टी मला अत्यंत क्लेशदायक वाटतात, कारण त्याच मुलांना जानेवारीत त्याच वर्गात बसायचे असते. दोन परिचित व्यक्तींनी, साध्या कपड्यांत, सजवलेले वाहन दारात न नेता २४ डिसेंबरपूर्वी मदत पोचवावी आणि पोच म्हणून सही घ्यावी. ती वही समितीकडेच राहावी. सूचनाफलकावर किती घरांना एकूण किती रक्कम गेली एवढेच लावावे, आणि शिल्लक उरल्यास ती जानेवारीत आजारपणासाठी मागणी करणाऱ्या घरांकरिता त्याच खात्यात ठेवावी.