बुरा लागलेली मका कोंबड्यांपुढे टाकू नका

परतीचा पाऊस आणि मकेची काढणी आपल्याकडे एकाच वेळी गाठ पडतात. कणसं भिजतात, ताडपत्रीखाली ढीग तापतो. मळणी झाली की बरा माल आडतीवर जातो आणि काळपट, बुरा धरलेलं मातेरं खुराड्याकडे. "कोंबड्याला चालतंय की." सिल्लोड-कन्नडपासून परभणीपर्यंत हे ऐकलंय, आणि पुढच्या महिन्यात रिकामी झालेली खुराडीही पाहिलीत.

नाही चालत. त्या बुरशीतून अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. कोंबडीखाद्यात त्याची मर्यादा 20 पीपीबी, म्हणजे एका टनात फक्त 20 मिलिग्रॅम. मका उन्हात घातली तर बुरशी वाढायची थांबते, आधी झालेलं विष तसंच राहतं. भाजून, शिजवूनही ते पुरतं जात नाही. असलं मातेरं चांगल्या मकेत मिसळलं तर चांगलीही वाया जाते. दुभत्या जनावरालाही घालू नका, विष दुधात उतरतं. खड्डा करून पुरा.

कोंबडी लगेच मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आधी अंडी घटतात, तुरा फिका पडतो, पिसं विस्कटतात. अंगातली रोगाशी झुंजायची ताकद जाते, मग राणीखेतची लस देऊनही मर लागते. जालन्याकडच्या एका वस्तीवर मावशींच्या 22 तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, नुकत्या अंड्यावर आल्या होत्या. दुकानदारानं लिव्हर टॉनिक दिलं, मग अंडी वाढवायची पावडर. मी गेलो तेव्हा खाद्याचं भांडं उलटं केलं, तर तळाला बोटभर जाड हिरवट थर. वरून रोज ताजं पडत होतं, खालचं कुणी काढलंच नव्हतं. 9 कोंबड्या वाचल्या.

म्हणून भांडं आधी बघा. महागडा फीडर लागत नाही. चार इंची पाइप उभा चिरून, टोकं बंद करून छान काम होतं. दर कोंबडीला 10 सेंटिमीटर जागा द्या. काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, एक तृतीयांशच भरा, म्हणजे उधळण होत नाही. भांडं वळचणीखाली नको, पाण्याच्या भांड्याला चिकटून नको. संध्याकाळी रिकामं करा, आठवड्यातून दोनदा घासून कडक वाळवा. भरडा ओला करून देत असाल तर अर्ध्या तासात संपेल एवढाच.

मका वाळली का, हे घरीच कळतं. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे, पोत्यात भरू नका. साठवणीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. माझा स्वतःचा भरवसा दातावर आणि नाकावर: दाणा कडकन फुटला पाहिजे, आणि पोत्यात हात घातला की आत गरम किंवा कुबट लागता कामा नये. पण वास नाही म्हणजे विष नाही, असं मात्र धरू नका.

विकतच्या खाद्याचंही तेच. परसात फिरून खाणाऱ्या 15 कोंबड्यांना रोज 60 ग्रॅमप्रमाणे 50 किलोचं पोतं जवळपास दोन महिने पुरतं. पावसाळी हवेत उघडं पोतं एवढं टिकत नाही. तिघा-चौघांत वाटून घ्या. शिवणीवरची तारीख वाचा. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

घरचं खाद्य, 10 किलोला:
- मका किंवा बाजरीचा भरडा 5.5 किलो
- सोयाबीन पेंड 2.2 किलो
- गव्हाचा कोंडा 1 किलो
- शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा 1 किलो
- खनिज मिश्रण 250 ग्रॅम, मीठ 50 ग्रॅम

मका संशयास्पद वाटली तर बाजरीवर जा, पण तीही तपासून. कच्चं सोयाबीन घालू नका, पचत नाही. सरकी पेंडीनं बलक काळपट-हिरवट होतो. शेंगदाणा पेंडीत हेच विष जास्त सापडतं, पावसाळ्यात ती टाळाच.

बाकीची कामं:
- जंतनाशक दर तीन महिन्यांनी
- लसीकरण सरकारी दवाखान्यातून
- खुराड्यातला भुसा कोरडा
- रोज ताजं पाणी

बुरशीचं खाद्य आधीच पोटात गेलं असेल तर आजच बंद करा. भांडी रिकामी करा, चांगलं धान्य आणा. टॉक्सिन बाइंडर, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारं औषध, घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारून आणि पाकिटावरच्या मात्रेनं. सडकं खाद्य तसंच ठेवून त्याचा उपयोग नाही. कोंबडी मेली तर फेकू नका. हातात पिशवी घालून उचला, ताजी असतानाच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन करून घ्या. सोबत भांड्यातलं आणि पोत्यातलं मूठ-मूठ खाद्य कागदी पिशवीत न्या.