पूर्ण असेंब्ली न घेता क्लच दुरुस्त कसा करायचा (100 ते 150 सीसी मोटारसायकल)

पांदणीच्या काळ्या चिखलात अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची, युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्या मागे आवळायच्या, वर मांजरसुंब्याचा नाहीतर कन्नडचा घाट चढायचा. एवढं सोसल्यावर क्लच कधीतरी घसरणारच. मग मोंढ्याजवळच्या पार्टच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "पूर्ण असेंब्ली देऊ का?" बहुतेक वेळा उत्तर 'नको' असंच असायला हवं. असेंब्लीत हाऊसिंग (प्लेटा ज्यात बसतात तो बाहेरचा डबा), हब (प्लेटांच्या मधला दातेरी भाग), प्रेशर प्लेट (प्लेटा दाबून धरणारी), स्प्रिंगा आणि प्लेटा असं सगळं येतं आणि बिल हजाराच्या पुढे जातं. त्यातल्या झिजतात त्या मुख्यतः फायबरच्या प्लेटा, आणि थकतात त्या स्प्रिंगा. बाकीचं सामान नीट सांभाळलेल्या गाडीत दोन-तीन प्लेट सेट सहज पाहतं.

आधी बघा, क्लचच गेलाय का?

गाडी टॉप गिअरमध्ये 35-40 च्या वेगात चालवा आणि ऍक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी तिथल्या तिथे राहिली, तर क्लच घसरतोय. आवाजच चढत नसेल, गाडी नुसती गुदमरत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. जाम झालेला मागचा ब्रेक, कचऱ्याने भरलेला एअर फिल्टर किंवा कॉम्प्रेशन तपासा. पिकअप गेला म्हणून थेट प्लेटा बदलणारे बरेच असतात; प्लेटा नव्या होतात, पिकअप तसाच राहतो. ज्या गाड्या फक्त न्यूट्रलमध्येच किकने चालू होतात, त्यांच्यात किक इंजिन न फिरवता मोकळी जाऊ लागली तर क्लच पार संपलाय असं समजा.

उलटा दोषही असतो. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो. इथे क्लच सुटत नाहीये. केबल ढिली असेल, स्टीलच्या प्लेटा वाकल्या असतील, ऑइल जास्त भरलं असेल किंवा हाऊसिंगच्या बोटांना (प्लेटांचे कान ज्यात अडकतात त्या उभ्या पट्ट्यांना) खाचा पडल्या असतील. या दोषाला नुसत्या फायबर प्लेटा बदलून उपयोग होत नाही.

काही सुटं करण्याआधी फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी तपासा. पहिली, लिव्हरचा प्ले. लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी मोकळी हालचाल हवी. ती अजिबात नसेल तर केबल क्लचला कायम थोडी ओढून धरते आणि चांगल्या प्लेटाही जळतात. दुसरी, ऑइल. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चालतात, क्लच मात्र घसरतो. कारचं ऑइल नुकतंच टाकलं असेल आणि लगेच स्लिप सुरू झाली असेल, तर ते काढून योग्य ऑइल भरा, शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा बदला. प्लेटा जळाल्या नसतील तर क्लच सावरतो. पिंपातलं सुटं ऑइल स्वस्त पडतं, पण त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

काय आणायचं

फायबर प्लेटांचा सेट, स्प्रिंगांचा सेट (बहुतेक गाड्यांत 4), उजव्या कव्हरचं पॅकिंग आणि लागलंच तर ऑइल. केबलचे तार लिव्हरच्या गुंडीजवळ तुटायला लागले असतील तर नवी केबल. स्टील प्लेटा आताच घेऊ नका, उघडून बघितल्यावर ठरवा. जुनी एक फायबर प्लेट दुकानात सोबत नेता आली तर फारच बरं, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार प्लेटांचा आकार आणि संख्या बदललेली असते. प्लेटा कंपनीच्या किंवा नामांकित बनावटीच्याच घ्या. पाकिटावर नाव नसलेल्या लोकल प्लेटेचं फायबर चिकटवलेलं असतं ते गरम ऑइलमध्ये सुटतं, आणि मग त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. इथे वाचवलेले शंभर रुपये इंजिनाच्या कामात निघतात.

नव्या फायबर प्लेटा आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. घाईच असेल तर निदान अर्धा-पाऊण तास. कोरड्या प्लेटा बसवल्या तर पहिल्याच घाटात त्यांचा वरचा थर जळून चकाकतो.

उघडताना

इंजिन थंड हवं. मराठवाड्याच्या मे महिन्यात हे काम सकाळी लवकरच करा, सावलीतही ब्लॉक तासभर तापलेला राहतो. ऑइल नुकतंच बदललं असेल तर ते काढायची गरज नाही. पेट्रोल कॉक बंद करून गाडी डाव्या बाजूला भिंतीला चांगली कलती करून टेकवा, ऑइल डावीकडे जातं आणि उजवं कव्हर उघडता येतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हा उपाय करू नका. ऑइल जुनं असेल तर सरळ काढूनच टाका.

किकचा दांडा, फूटरेस्ट आणि आडवा येत असेल तर सायलेन्सर काढा. केबल सोडा. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की ऍल्युमिनियमचं केसिंग फुटतं. कव्हर निघत नसेल तर प्लास्टिकच्या हातोडीने कडेने ठोका. फटीत पेचकस घालून उचकटलं की त्या जागेवरून आयुष्यभर ऑइल गळत राहतं. कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या आतल्या दोन डॉवेल पिना हरवू देऊ नका.

आता दोन प्रकार दिसतील. यामाहाच्या एफझीसारख्या गाड्यांत प्रेशर प्लेट बाहेरून असते: स्प्रिंगांचे बोल्ट काढले की प्लेटा हातात येतात. स्प्लेंडर, शाइन अशा होंडाच्या धाटणीच्या क्लचमध्ये प्रेशर प्लेट आतल्या बाजूला असते, म्हणून स्प्रिंगा काढल्यावर मधला चार खाचांचा लॉकनटही काढावा लागतो. त्याचं खास सॉकेट मिळतं. ते विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या मिस्त्रीकडून तासभर मागून आणा. छिन्नी-हातोडीने नट फिरवायची पद्धत गावोगाव दिसते. त्यात खाचा तर जातातच, शाफ्टच्या बेअरिंगवरही मार बसतो. नट सोडताना गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाला मागचा ब्रेक दाबायला सांगा.

स्प्रिंगांचे बोल्ट एकेक पूर्ण न काढता, समोरासमोरच्या जोडीने अर्धा-अर्धा फेरा सोडत चला. एकच बाजू आधी मोकळी केली तर प्लेट तिरकी होते आणि बोल्ट बसायचे खांब तडकू शकतात. प्लेटा कोणत्या क्रमाने निघाल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

काय टिकवायचं, काय टाकायचं

फायबर प्लेटेची जाडी व्हर्नियरने मोजा आणि नव्या प्लेटेशी ताडून बघा. 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक, जळका वास किंवा काळी चकाकी दिसली तर पूर्ण सेट टाका. त्यातल्या बऱ्या दोन ठेवून बाकीच्या बदलायचा हिशेब जमत नाही, दाब सारखा पडत नाही.

स्टील प्लेट आरशाच्या काचेवर ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) घाला. 0.2 मिमीचं पान कुठेही आत गेलं तर प्लेट वाकली आहे. निळे-जांभळे डाग म्हणजे ती फार तापली होती. त्या प्लेटा बदला. सपाट आणि डाग नसलेल्या स्टील प्लेटा डिझेलने धुऊन बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने खरखरीत करून पुन्हा वापरा. इथे खरी बचत होते.

सगळ्यात जास्त वेळ हाऊसिंगला द्या. फायबर प्लेटांचे कान हाऊसिंगच्या ज्या बोटांत बसतात, तिथे वर्षानुवर्षं ठोके बसून खाचा पडतात. प्लेट त्या खाचेत अडकते, मग क्लच झटके देतो किंवा सुटतच नाही. नखाला जाणवेल इतपतच खाच असेल तर सपाट कानसीने दोन्ही बाजूंनी सारखी घासा. त्यासाठी हाऊसिंग काढूनच घ्यावं लागतं, जागेवर घासलं तर ऍल्युमिनियमचा कीस इंजिनात जातो. खाच अर्ध्या मिमीहून खोल असेल तर कानस थांबवा: तेवढं घासल्यावर प्लेटा बोटांत खुळखुळतात आणि खाचा दुपटीने लवकर पडतात. तेव्हा मात्र हाऊसिंग बदलायलाच हवं. ते सुटंही मिळतं, असेंब्लीच घ्यायला हवी असं नाही. हाऊसिंग एका हाताने धरून मागचा गिअर फिरवून बघा. गिअर सैल हलत असेल तर आतले झटके शोषणारे डॅम्पर गेलेत.

उघडलंच आहे तर लिफ्टर बेअरिंग (लिव्हर दाबल्यावर क्लच सोडवणारा दाब ज्यावर येतो ते) बोटावर फिरवून बघा. आणि ज्या गाडीत क्रँकच्या टोकाला गोल सेंट्रिफ्यूगल फिल्टर (फिरताना ऑइलमधला गाळ कडेला फेकून साठवणारा) आहे, तो याच कव्हरखाली असतो. त्यातला गाळ काढून टाका, त्याला पैसा लागत नाही.

बसवताना

आधी फायबर, मग स्टील, असं आलटून-पालटून. शेवटी पुन्हा फायबर. स्टील प्लेटेची एक कड धारदार असते, ती सगळ्यांची एकाच दिशेला ठेवा. होंडाच्या धाटणीत हब, प्लेटा आणि प्रेशर प्लेट यांची थप्पी हातातच लावून, कान एका रेषेत आणून एकदम हाऊसिंगमध्ये सरकवायची. प्रेशर प्लेटचे दाते हबच्या खाचेत नीट बसले की नाही ते पाहा. दाते चढून राहिले तर प्लेटा दाबल्या जात नाहीत, आणि सगळं आवळून झाल्यावर नवा क्लच जुन्यापेक्षा वाईट घसरतो. लॉकनटखालच्या वॉशरवर 'आऊटसाइड' कोरलेलं असेल तर ती बाजू बाहेर. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा जोडीने, 10-12 न्यूटन मीटरपर्यंत. टॉर्क पाना नसेल तर छोट्या टी-पान्याने मनगटाच्या जोरावर, त्यापुढे नाही.

जुनं पॅकिंग ब्लेडने ओरबाडू नका, पितळी पट्टीने काढा. नवीन पॅकिंग कोरडंच बसतं. सिलिकॉनचा जाड थर लावला तर दाबून आत आलेल्या त्याच्या गुठळ्या ऑइलचं भोक बुजवतात.

स्प्रिंगखाली वॉशर घालून ताण वाढवायचा जुगाड सर्रास सुचवला जातो. त्याने काही दिवस स्लिप थांबते हे खरं. पण लिव्हर दगडासारखी होते, केबल तुटते, लिफ्टर बेअरिंग जातं, आणि वॉशर जाड असेल तर स्प्रिंग पूर्ण दबून क्लच सुटतच नाही. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय, तेवढ्यापुरतं ठीक. चकाकलेल्या फायबर प्लेटा पॉलिश पेपरने घासणंही त्यातलंच, पुढच्या पगारापर्यंतची सोय.

कव्हर बसलं की गाडीच्या पुस्तकात दिलं तेवढंच ऑइल भरा. 100 सीसीच्या बहुतेक गाड्यांत ते लिटरच्या आसपास असतं. इग्निशन बंद ठेवून आठ-दहा किका मारा, म्हणजे ऑइल सगळीकडे फिरेल. केबलचं ऍडजस्टमेंट आधी इंजिनाजवळच्या नटावर करा, लिव्हरजवळचा नट शेवटच्या बारीक फरकासाठी राखून ठेवा. चालू करून क्लच दाबा, पहिला गिअर टाका: गाडी सरकायला नको, न्यूट्रल सहज सापडायला हवं.

पहिले दीडशे किलोमीटर ओझं नको, तिबल सीट नको, अर्धा क्लच तर नकोच. प्लेटा जागा धरतात तसा लिव्हरचा प्ले कमी होतो, म्हणून तेवढं अंतर झाल्यावर पुन्हा 10 ते 20 मिमी करून घ्या आणि कव्हरच्या खालच्या कडेला बोट फिरवून ऑइल पाझरतंय का ते बघा.