बाळंतिणीच्या घरी पहिली भेट

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, घेऊन अमेरिकेत कामाला लागलेल्या मराठी मुली विचारतात, ताई, कृष्णवर्णीय कुटुंबांत काम करायचं तर सुरुवात कुठून करू? मी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये बाळंतिणींच्या घरभेटी करते, म्हणून त्याबद्दलच सांगते.

निघण्याआधी एडिसनचे, म्हणजे इथल्या भारतीय वस्तीतले, काका-मावश्या ‘त्या भागात एकटी जाऊ नकोस’ म्हणतील. हो म्हणायचं आणि निघायचं. आपल्या पार्ट्यांत ‘कल्लू’ हा शब्द जिला हसून ऐकता येतो, तिने मात्र या कामात येऊच नये.

न कळवता जाऊ नका. मेसेज करा, वेळ तिला ठरवू द्या. दारात ‘मिस’ लावून आडनावाने बोला. पहिल्या नावाने हाक मारायची ती तिने सांगितल्यावरच. १९६३ साली अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला वकील नुसतं ‘मेरी’ म्हणत राहिला. तिने उत्तर द्यायला नकार दिला, म्हणून तिला कोर्टाच्या अवमानाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. आतल्या खोलीतून कान देऊन ऐकणाऱ्या आजीने तो काळ पाहिलेला असू शकतो. आपल्या सासूबाईंना कुणी अरे-तुरे केलं तर कसं वाटेल, तेवढं आठवा.

बसल्यावर पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोला. मुलं घरातून काढून नेऊ शकणाऱ्या इथल्या बालसंरक्षण खात्याचं नाव २०१२ मध्ये बदललं, पण लोकांच्या तोंडी अजून ‘डायफस’ हे जुनंच नाव आहे, आणि हातात फाईल घेतलेली बाई दिसली की मनात तेच येतं. भीती उगाच नाही: २०१७ च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत अठरा वर्षांचं होईपर्यंत ५३ टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या घरी अशी चौकशी झालेली असते, सगळ्या मुलांचं मिळून प्रमाण ३७ टक्के. म्हणून सरळ सांगा, ‘मी त्या खात्याची नाही. पण मुलाला इजा होतेय असं दिसलं, तर कळवणं मला कायद्याने भाग आहे.’ हे प्रश्न विचारण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलंत तर तो सापळा वाटतो.

दाराजवळ पुरुषाचे बूट दिसले तर त्यावरून चौकशी करू नका. घरात पुरुष आहे म्हणून मुलांची सरकारी मदत बंद करण्याची पद्धत या देशात १९६८ पर्यंत चालली; त्यासाठी अधिकारी रात्री-अपरात्री घरं तपासत. ‘बाळाच्या कामात कोणाकोणाची मदत होते?’ एवढंच विचारा. बाबा, आजी, चर्चमधली मावशी, सगळे आपोआप यादीत येतील. बाबा बाहेर आलाच तर त्याच्याशीही बोला, त्याच्यावरून तिच्याशी नको.

आता मुख्य काम. २०२३ मध्ये दर लाख जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. शिक्षण-पैसा असला तरी हे संकट टळत नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्सला फुप्फुसात गुठळी झाल्याचं स्वतःला कळलं होतं, तरी स्कॅनसाठी आग्रह धरावा लागला. त्यामुळे रक्तदाबाचं यंत्र बरोबर ठेवा आणि तिलाही वापरायला शिकवा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत दाब चढू शकतो. १६०/११० किंवा वर गेला, तर थेट ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, दम लागणं, छातीत दुखणं: आकडा बरा असला तरी थांबू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेवर कधीकधी पातळी जास्त दाखवतो, म्हणून ती दम लागतोय म्हणाली की तेच खरं धरा.

इमर्जन्सीत पहिल्या वाक्यात ‘मी बाळंतीण आहे’ हे सांगायची तालीम करून घ्या. परत पाठवायला लागले, तर शांतपणे म्हणायचं, ‘तपासणी का करत नाही, ते माझ्या कागदांत लिहा.’ हे सोबतच्या माणसालाही पाठ असावं. मन खचलं असेल तर १-८३३-८५२-६२६२ ही बाळंतिणींची राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास असते. न्यू जर्सीत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, बाळंतपणानंतर वर्षभर चालतं, हे अनेकींना माहीत नसतं. दूलाचे, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित बाईचे, पैसेही त्यात बसतात.

नोंदी लिहिताना हात आवरा. महिनाअखेरीला फ्रिज रिकामा दिसला, तर ‘दुर्लक्ष’ लिहू नका. ‘स्नॅपचे पैसे संपले, विकचा अर्ज आज भरला’ असं लिहा (स्नॅप म्हणजे धान्य-किराण्यासाठीची सरकारी मदत, विक म्हणजे आई आणि लहान मुलांसाठीची पोषण योजना), आणि तो अर्ज खरंच तिथे बसून भरा. दूध पाजणाऱ्या आईला विक वर्षभर मिळतं, मुलाला पाच वर्षांपर्यंत. ‘आई असहकार्य करते’ हे वाक्य तर मी कुणाच्याही फाईलमध्ये सहन करत नाही. ती काय म्हणाली ते अवतरणात, तिच्याच शब्दांत लिहा, आणि उठण्याआधी तिला वाचून दाखवा. ती काही बदलायला सांगेल. बदला.

तुम्ही रजेवर जाणार असाल, तर नव्या सहकाऱ्याला घेऊन एकदा जाऊन या. फोनवर नुसतं नाव कळवलंत, तर पुढच्या वेळी दार उघडेलच असं नाही.