दिवाळीच्या सुटीत मुलांना द्यायला कसं शिकवावं

दिवाळीच्या दिवसांत नाशिकच्या गोदाघाटावर एक दृश्य हमखास दिसतं. आई-बाबा गाडीतून उतरतात, फराळाची पाकिटं मुलाच्या हातात देतात, मूल ती समोरच्या माणसाच्या हातात ठेवतं. फोटो निघतो आणि गाडीही निघते. हेतू चांगलाच असतो. पण पैसे बाबांचे, निवड आईची, फराळ दुकानातला; मुलानं फक्त पाकीट इकडचं तिकडे केलं. कुणाला द्यायचं, काय द्यायचं आणि त्यासाठी स्वतःचं काय कमी करायचं, हे मुलानं ठरवलं तरच ते देणं त्याचं होतं. ठरवायला वेळ लागतो, म्हणून तयारीला कोजागरीपासूनच लागा.

आधी पोस्त, मग दान

सर्वांत आधी दोन पाकिटं वेगळी करा. घरकामाच्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, घंटागाडीवरचे दादा यांना द्यायची दिवाळीची पोस्त एका पाकिटात. तो त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा मान आहे, दान नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. ‘आपण मावशींना मदत करतो’ हे वाक्य घरात ऐकू येत असेल तर ते बदला; मावशी आपल्याला मदत करतात. दानाचे पैसे दुसऱ्या पाकिटात. पोस्त कमी करून दान वाढवायचं, असं तर कधीच नको. मुलं आकडे बघत असतात.

मुलाच्या हाती खरा निर्णय द्या

घरानं यंदा तीन हजार रुपये द्यायचे ठरवले, तर त्यातले हजार पूर्णपणे मुलांच्या हवाली करा. ते कुठे जातील हे त्यांनी ठरवायचं. पण ‘कुणाला देऊया?’ असं मोघम विचारलं तर सहा-सात वर्षांचं मूल गोंधळतं. त्यासाठी आपल्याकडे एक उत्तम यादी आहे: गाडगेबाबांची दशसूत्री. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षण, बेघरांना आसरा, अंध-अपंग-रोग्यांना औषधोपचार, मुक्या प्राण्यांना अभय… अशी दहा कामं त्यात आहेत. ती मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा आणि प्रत्येक मुलाला एक निवडू द्या. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा आपल्या नाशकातच, गोदेच्या काठी आहे. एका संध्याकाळी मुलांना तिथं घेऊन जा. फाटकी गोधडी आणि मातीचं गाडगं एवढाच संसार असलेल्या माणसानं लोकांकडून पैसा जमवला आणि तो लोकांसाठीच उभा केला, ही गोष्ट त्या इमारतीसमोर सांगितली की मुलांना वेगळीच भिडते.

मुलानं गल्लीतल्या कुत्र्यांसाठी खाणं आणायचं ठरवलं, तर ‘त्यापेक्षा वह्या देऊ’ म्हणून मोडता घालू नका. एकदा का त्याचा निर्णय तुम्ही फिरवलात, की पुढच्या वर्षी ते तुमच्या तोंडाकडे बघूनच उत्तर देईल.

त्याचं स्वतःचं काहीतरी असू द्या

लहान मुलांकडे पैसे नसतात, पण मूठ असते. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड उभारला होता. तसाच एक डबा स्वयंपाकघरात ठेवा. कोजागरी ते लक्ष्मीपूजन असा पंधरवडाभर, भात लावायच्या वेळी मुलानं रोज मूठभर तांदूळ त्यात टाकायचे. शेवटी डबा वजनकाट्यावर ठेवा आणि वाचायला त्यालाच सांगा.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना फटाक्यांच्या किंवा ओवाळणीच्या पैशातला वाटा विचारा. महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी याच ओवाळणीच्या भावनेतून मुलींच्या शिक्षणासाठी गोळा होतो, हेही त्यांना सांगा. मूल ‘नाही’ म्हणालं, तर मात्र तिथंच थांबा. लाजवू नका, ताईशी तुलना करू नका. जबरदस्तीनं काढून घेतलेल्या पैशातून मूल फक्त पैसे लपवायला शिकतं. तुम्ही तुमचा वाटा त्याच्यादेखत काढा, काहीतरी सोडून काढा आणि काय सोडलं तेही सांगा. घरातलं कुणी रक्तदान करणार असेल तर मुलांना सोबत न्या. वय अठरा पूर्ण झाल्याशिवाय रक्त देता येत नाही, त्यामुळे ती फक्त बघतील. पण आईच्या दंडाला बांधलेला पट्टा आणि नंतरचं बिस्किट त्यांच्या चांगलं लक्षात राहतं.

आधी फोन, मग खरेदी

वृद्धाश्रमात दिवाळीत मिठाई भरपूर येते, पण अनेक आजी-आजोबांना मधुमेह असतो. हवे असतात पायमोजे, डायपर, औषधं. म्हणून संस्थेला फोन करून ‘सध्या काय लागतंय?’ असं मुलालाच विचारू द्या. चार वाक्यं आधी कागदावर लिहून द्या, म्हणजे ते अडखळणार नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या आश्रमशाळांना काही द्यायचं असेल तर लक्षात ठेवा, दिवाळीच्या सुटीत तिथली मुलंही घरी गेलेली असतात. शाळा उघडल्यावर जा. कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करूनच द्या. जे आपण स्वतः पाहुण्यांसमोर घालणार नाही ते त्या ढिगात नको. फराळ देणार असाल तर पहिल्या घाण्यातला डबा बाजूला काढा, भाऊबीजेनंतर उरलेला नव्हे.

संस्थेची नोंदणी विचारा, पावती घ्या. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका.

तिथं गेल्यावर

वस्तू देऊन लगेच निघू नका. बसा. मुलांना आधीच सांगून ठेवा: आपण भेटायला जातोय, आजींना नमस्कार करायचा, नाव सांगायचं, त्यांचं नाव विचारायचं, ‘तुम्हाला कुणी नाही का?’ असं विचारायचं नाही. त्यांच्या लहानपणीची दिवाळी कशी असायची, हे मात्र जरूर विचारायचं.

आणि एखाद्या आजींनी स्वतःच्या वाट्याचा लाडू तुमच्या मुलापुढे केला, तर ‘नको नको, तुम्हीच खा’ म्हणून तो परत करू नका. मुलाला तो दोन्ही हातांनी घेऊ द्या, तिथंच खाऊ द्या. त्यांनाही द्यावंसं वाटतं, आणि आपल्या भिडेपोटी आपण त्यांचं ते सुख हिरावून घेतो. माझ्या मते संपूर्ण भेटीत मुलासाठी याहून मोठा धडा नाही, कारण इथं घेणारा कोण आणि देणारा कोण हेच बदलून जातं.

फोटो काढू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख पटेल असे फोटो प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मनाईच आहे, आणि इतर ठिकाणीही कुणाची अडचण आपल्या स्टेटसवर लागू नये.

थोडं मागे ठेवा

सगळे पैसे दिवाळीतच संपवू नका. देणाऱ्यांची गर्दी या आठवड्यात असते. निफाडकडची कडाक्याची थंडी मात्र डिसेंबर-जानेवारीत पडते. द्राक्षबागांच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं तेव्हा बागेशेजारच्या झोपड्यांत राहत असतात, लहान मुलांसकट. तुमच्या ओळखीच्या बागायतदाराला विचारा की मुलं किती, कोणत्या वयाची. मग पाकिटातले उरलेले पैसे घेऊन तुमच्या मुलांसोबत बाजारात जा, आणि स्वेटरचा मऊपणा त्यांनाच गालाला लावून बघू द्या.